भामाबाईंचे लांबलेले आशीर्वाद

अर्धापुरात मानापानाचा हिशेब भामाबाईंइतका कुणालाच पाठ नव्हता. कोणत्या लग्नात कोण अर्धवट वाकलं, कुणी नुसते हात जोडून भागवलं, सगळं ध्यानात. त्यामुळे त्यांची सून सुकन्या थोरामोठ्यांच्या पाया पडायचं टाळू लागली, डोक्यावरून घसरलेला पदर पुन्हा वर घेईनाशी झाली, तेव्हा निकाल घरच्या घरीच लागला. नायगावची पोरगी, शिकलेली, ताठा आलाय. लेकानं, हरिओमनं, आईपुढं होकारार्थी मान डोलावली आणि आत जाऊन बायकोपुढंही डोलावली.

खाली बसलं की उठवत नाही, वेणी घालताना हात वर राहत नाहीत, हे सुकन्येला कळत होतं. पण सांगावं तर लोक कामचुकार म्हणणार. ताठ्याचा आळ त्यापेक्षा बरा, असं तिचं गणित. आणि त्या घरापुरतं ते बरोबर होतं. पापण्यांवर जांभळट छटा आली, बोटांच्या पेरांवर लाल चट्टे उठले, तेही उन्हाच्या नावावर खपून गेलं.

एकदा घरी पाहुण्या बसल्या असताना भामाबाईंनी मुद्दामच फर्मावलं, पाया पड. सुकन्येनं गुडघे टेकले, सासूच्या पावलांवर कपाळ ठेवलं आणि तिथंच राहिली. भामाबाईंनी आशीर्वाद दिला. सून हलेना. पाहुण्या बघून राहिलेल्या, म्हणून आणखी एक दिला. मग मुलाबाळांचा, मग कुंकवाचा, मग धनधान्याचा. साठा संपत आला तेव्हा पायाशी बारीक आवाज आला.

“आत्याबाई, मला उठवा. मला उठताच येईना.”

भामाबाईंनी तिच्या काखेत हात घातला. सुनेचं अंग थरथरत होतं. खोटं थरथरणं कसं असतं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. नणंदांसमोर त्यांनी स्वतः ते बऱ्याचदा केलेलं. हे तसलं नव्हतं.

नांदेडच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, मांडीच्या स्नायूचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला. आजाराचं नाव निघालं मायोसायटिस. शरीराची राखण करणारी ताकदच चुकून आपल्या स्नायूंवर उलटते, दंड आणि मांड्या आधी हरतात. एकाचा दुसऱ्याला होत नाही. गोळ्या बराच काळ घ्यायच्या, मनानं बंद करायच्या नाहीत, ऊन टाळायचं, बेतानं व्यायाम करायचा.

“म्हंजी ताठा न्हवता?” भामाबाईंनी विचारलं.

डॉक्टरांना प्रश्न कळला नाही. सुकन्येला कळला.

गोळ्यांनी तिचा चेहरा सुजून गोल झाला. गल्लीनं लगेच ठरवलं, पोरगी भरली, बरी झाली. हरिओमलाही गोळ्या आता पुरे वाटल्या. भामाबाईंनी त्या आपल्या ताब्यात घेतल्या आणि वेळच्या वेळी समोर उभं राहून गिळायला लावल्या. व्यायामही त्याच घेत, आणि शेजारणींना ऐकू जाईल अशा आवाजात घेत.

मग लातूरहून त्यांचे भाऊ राजशेखरराव आले. या एका माणसाचा शब्द भामाबाईंनी जन्मात मोडला नव्हता. ते म्हणाले, तपासणीत सुधारणा दिसली तर ठीक. नाहीतर नांदेडहून परस्पर नायगावला सोडू, बरी झाली की आणू. असं माहेरी सोडलेली सून पुढं कोण आणतं, हे भाऊ, बहीण, सून, तिघांनाही माहीत होतं. सुकन्येची बॅग राजशेखररावांनीच आपल्या गाडीच्या डिकीत ठेवली आणि स्वतः गाडी चालवायला बसले.

नांदेडला डॉक्टरांनी तिला खुर्चीवर बसवलं. हात छातीशी बांधा आणि उठा, म्हणाले. सुकन्या अर्ध्यातून मागं पडली. भामाबाईंचा हात पुढं गेला, डॉक्टरांनी नजरेनंच थांबवला. दुसऱ्यांदा ती उठली. वाकडीतिकडी, डुगडुगत, पण आपल्या आपण. रक्ताचा रिपोर्टही सुधारला होता. औषध मात्र चालूच.

बाहेर येऊन राजशेखरराव म्हणाले, औषध चालूच आहे तर नायगावच बरं. भामाबाईंनी बोलायला तोंड उघडलं, पण भावाचा शब्द म्हणून नुसतं गाडीचं दार उघडलं.

सुकन्या दाराला धरून गाडीत चढली, बसली.

“मामा, गाडी अर्धापूरला घ्या. माझा व्यायाम आत्याबाई घेतात. नायगावात कोण घेणार?”

राजशेखररावांनी बहिणीकडं पाहिलं. सुनेनं सासूच्या भावाला हुकूम सोडलेला. याचा दंड भामाबाईंखेरीज कोण ठरवणार? भामाबाई सुनेला खेटून बसल्या. असं बोलायला जणू आपणच शिकवलं, अशा थाटात त्यांनी मान वर केली.

“ऐकू आलं न्हाई का तुला? हाण गाडी. पोरीला ऊन लागून राहिलंय.”