दहा मिनिटं निवांत

"पुन्हा रक्षाचेच जुळले," स्क्रीनवरची नजर न काढता डॉक्टर सुरभी म्हणाल्या. "छायाताई, तुमचे का जुळत नाहीत?"

रक्षा शेजारीच उभी होती. ती हसली नाही. तिचं ते न हसणंच मला जास्त झोंबलं. तिने माझ्यासाठी आणलेला चहा मी मुद्दाम गार होऊ दिला.

एमआरआयच्या खोलीत मला एकोणीस वर्षं झाली, तिला वर्षही झालेलं नाही. काम दोघींचं एकच. धडधाकट माणसाला दहा मिनिटं मशीनमध्ये निवांत पडू द्यायचं आणि मेंदूचे कोणते भाग एकमेकांशी जोडलेले आहेत त्याचा नकाशा घ्यायचा. आठवड्याने त्याच माणसाचा पुन्हा घ्यायचा. दोन्ही नकाशे जुळले तरच या मोजण्यावर भरवसा. महिनाअखेरीस या अभ्यासावर आमच्यापैकी एकीलाच ठेवणार होते.

मशीन तेच, गादी तीच. मग हिच्या हातात असं काय आहे? मी काचेतून पाहत राहिले. रक्षाने कागद काढला आणि वाचला, "डोळे उघडे ठेवा. समोरच्या खुणेकडे बघा. झोपू नका. हलू नका." संपलं. ही माणसं ठेवते की पोती, असं माझ्या मनात आलं.

मग माझ्या आनंदाबाई आल्या, पिपरी मेघेच्या. त्यांची दुसरी खेप होती.

"सून आली का वो माहेरून?" मी त्यांचा हात धरून विचारलं.

"कायची येते. पोरगा आणाले गेलता, एकटाच वापस आला."

"येईन ना. तुम्ही जिवाले लावून नका घेऊ."

दहा मिनिटांनी त्यांना बाहेर काढलं. "काही तरास नाई ना झाला?"

"तरास कायचा? सुनेचाच इचार करून राह्यलती. मागच्या खेपेले तुम्ही गुडघ्याचं पुसलं, तं सारा वेळ गुडघ्यातच जीव होता."

मी तिथेच थबकले. म्हणजे मशीनमध्ये एकदा गुडघा गेला होता आणि एकदा सून. आणि पाठवणारी मीच. मग दोन नकाशे जुळणार कसे? घाबरलेले पेशंट "छायाबाई हायेत का" म्हणून विचारत येतात, ते याच बोलण्यापायी. रक्षासमोर कबूल करायला जिवावर आलं, पण डॉक्टरांना सांगितलं, "मॅडम, मशीन बरोबर हाय. माहं तोंडच नडलं."

त्या खूश झाल्या. "हे तर लिहूनच ठेवायला हवं," म्हणाल्या आणि रक्षा वाचायची तो कागद मलाही दिला, त्यापलीकडे एक शब्द बोलायचा नाही म्हणून.

त्यानंतर माझ्या माणसांचे नकाशे जुळू लागले, रक्षाच्या माणसांपेक्षाही थोडे जास्तच. महिनाअखेरीस अभ्यासावर मला ठेवलं, तिला शेजारी सीटीस्कॅनवर पाठवलं. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. तो जेमतेम दोन दिवस टिकला.

तिसऱ्या दिवशी सेलूचे नत्थूजी टेबलावर आडवे झाले होते. भिंतीपलीकडून रक्षाचा आवाज आला, "काऊन भेता आजी? मी हाय ना. नातू कितवीत हाय तुमचा?" आजी काहीतरी बोलली आणि दोघी खळखळून हसल्या.

हे बोलणं माझं होतं.

"बाई, कोण हासून राह्यलं वो तिकडं?" नत्थूजींनी विचारलं.

मी कागद डोळ्यांसमोर धरला. "डोळे उघडे ठेवा," मी वाचलं. "समोरच्या खुणेकडे बघा."