सिग्नल तुटल्यानंतरची फेरी

ती कवळ्या बनवायची. दिवसभर प्लास्टरच्या जबड्यांवर मेण चढवायचं, मेणात एकेक दात बसवायचा आणि तयार कवळी अंगठ्यानं दाबून बघायची, कुठे कुरकुरते का ते. सव्वीस वर्षं हेच काम. त्यामुळे स्क्रूकाकांच्या दुकानात शिरून तिनं काउंटरवरच्या रिमोटच्या बग्गीचा, पुढचं चाक धरणारा आर्म तसाच अंगठ्यानं दाबला, तेव्हा काकांनी चष्मा कपाळावर सरकवून तिच्या हाताकडे पाहिलं.

काकांच्या शर्टाच्या खिशात कायम सुटे स्क्रू खुळखुळत, म्हणून ते स्क्रूकाका. कोणाच्या डोक्यातला पडलेलाही यातच सापडेल, असं ते स्वतःच सांगत. रिमोटवर चालणाऱ्या गाड्या विकणं आणि दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. गावाबाहेरच्या मातीच्या ट्रॅकवर रविवारी शर्यती भरवणं हा नाद. तिचा धाकटा भाऊ त्यांचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक होता. लग्न केलं नाही, बहिणीकडेच राहिला आणि पगार मिळाला की आधी टायर आणले. सव्वा वर्षापूर्वी एका रविवारी, ऐन शर्यतीत, चालकांच्या मचाणावर उभ्या उभ्याच तो कोसळला. अडतीस वर्षांचा होता.

"ताई, तुम्ही इकडे?" काका म्हणाले.

"गाडी हवी आहे. रेसची. टिकणारी."

"कोणासाठी?"

"माझ्यासाठी." तिनं पिशवी काउंटरवर उपडी केली. आत भावाची बग्गी होती, म्हणजे तिचं जे काही उरलं होतं ते. चासी मधोमध वाकलेली, पुढचे दोन्ही आर्म तुटलेले. "ही मी मोडली. दोन महिन्यांत."

काकांनी वाकलेली चासी हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि बाजूला ठेवली. मग एकामागून एक तीन गाड्या काढल्या. पहिली दिसायला झकास, जागोजागी चमकणारं ॲल्युमिनियम. "ही नवख्यांना भुरळ घालते," काका म्हणाले. "धातू एकदा वाकला की वाकलेलाच राहतो. आणि तुमच्या लक्षातही येत नाही, गाडी नुसती एका अंगाला ओढत राहते." दुसरी हलकी आणि वेगवान होती, पण गाडीचा आर्म दाबून या वेळी काकांच्या आधी तीच म्हणाली, "हे ठिसूळ आहे. थंडीत तडकेल." तिसरी जाडजूड, काळी, म्हशीच्या रेडकासारखी. तिचा आर्म दाबला की वाकायचा आणि सोडला की पुन्हा सरळ. आतले गिअर पोलादी, तळाला जाड पत्रा, सगळे स्क्रू वरून हात पोचेल असे.

"ही कधी पहिली येणार नाही," काका म्हणाले, "पण शेवटपर्यंत येईल."

"मला पहिलं यायचंच नाहीये," ती म्हणाली, आणि रेडकू घेऊन गेली.

ते खरंच होतं. तिला शर्यतीशी काही देणंघेणं नव्हतं. भाऊ जिवंत असताना तिनं ट्रॅकवर पाऊल ठेवलं नव्हतं. चाळिशीला टेकलेला माणूस खेळण्यामागे पळतो याची तिला लाज वाटायची, आणि ते तिनं तोंडावर बोलूनही दाखवलं होतं. त्या रविवारीही तो म्हणाला होता, "ताई, आज तरी चल." तिनं कपडे वाळत घालायचे आहेत असं सांगितलं.

तो गेल्यावर भेटायला आलेल्यांनी तिला एक गोष्ट सांगितली. एकानं नाही, चौघांनी. तो पडला, रिमोट त्याच्या हातातून सुटून फळ्यांवर आपटला आणि बंद झाला. सिग्नल तुटला की या गाड्या आपोआप ब्रेक लावतात, जागच्या जागी थांबतात. त्याची गाडी थांबली नाही. ती अख्खी फेरी एकटी फिरली. ओळीनं तीन मातीचे उंचवटे आहेत, त्यांवरून एकाच झेपेत पलीकडे गेली, शेवटचं वळण घेतलं, रेषा ओलांडली आणि मचाणाच्या बरोबर खाली येऊन उभी राहिली. गाडीतल्या चिपनं वेळ नोंदवली होती, छत्तीस सेकंद. त्या वर्षातली सगळ्यात वेगवान फेरी. त्या वेळेचा कागद अजून शर्यतीच्या क्लबच्या फळ्यावर टाचलेला होता.

तिनं आधी ऐकून सोडून दिलं. मग एकदा कवळी घासता घासता तिच्या डोक्यात आलं, की तो जाताना त्या गाडीपाशी थांबला होता, फेरी पुरी होईपर्यंत. छत्तीस सेकंद. आणि ती तिथे नव्हती.

मंगळवारी तिला अर्धी सुट्टी असायची. ती भावाची गाडी घेऊन ओसाड ट्रॅकवर जाऊ लागली. मचाणावर चढायची, दोन-चार फेऱ्या धडपडत मारायची. हात बसल्यावर गाडी पूर्ण वेगानं त्या तीन उंचवट्यांकडे न्यायची आणि ऐन उडीआधी रिमोट बंद करायची. मग वाट बघायची. गाडीला ब्रेक लागायचा, ती नाकावर आपटायची, चारपाच कोलांट्या खाऊन धुळीत पडायची. ट्रॅकवर वाऱ्याखेरीज आवाज नसायचा. ती खाली उतरून गाडी सरळ करायची आणि पुन्हा मचाणावर चढायची. दर खेपेला, बटण दाबल्यापासून गाडी आपटेपर्यंतच्या त्या क्षणभरात, तिच्या शेजारी कोणीतरी श्वास रोखून उभं आहे असं तिला वाटायचं. त्या क्षणासाठीच ती यायची. तिला फक्त मोडणार नाही अशी गाडी हवी होती.

रेडकू सात आठवडे टिकलं. मग ती पुन्हा काकांच्या काउंटरशी उभी राहिली. काकांनी तुटका आर्म बदलला. पंधरा दिवसांनी पुन्हा तोच. तिसऱ्या वेळेला त्यांनी पेचकस खाली ठेवला.

"ताई, रेसमध्ये गाडी अशी मोडत नाही. कधी डावीकडून लागते, कधी मागून. तुमची प्रत्येक वेळी नाकावर पडते, आणि चाकं जाम झालेली असताना पडते. करता काय तुम्ही?"

तिनं सांगितलं. कवळीचं माप सांगावं तितक्या सरळ आवाजात, काही न लपवता. आणि शेवटी म्हणाली, "सिग्नल गेला की जो ब्रेक लागतो, तो काढून द्या. त्याच्यामुळे होत असेल. तो मध्ये येतोय."

 काका उठले, दुकानाचं दार लावून घेतलं आणि स्टुलावर बसले.

"ती गाडी एकटी फिरली नव्हती. मी फिरवली."

तिला आधी नीट कळलंच नाही.

"मी त्याच्या मागेच उभा होतो. तो पडला तेव्हा गाडी नुकतीच रेषा ओलांडून त्या उंचवट्यांकडे निघाली होती. रिमोट माझ्या पायाशी आला. चालूच होता, बंद नव्हता. मी तो उचलला, गाडी मोडू नये म्हणून. तीस वर्षांची सवय, ताई. हातात आला आणि मी चालवत सुटलो. दोघं-तिघं त्याच्याकडे धावले, बाकीच्यांची नजर आपापल्या गाड्यांवर. तो खाली पडला होता, आणि मी फेरी मारत होतो. रेषा ओलांडल्यावर भानावर आलो. रिमोट बंद करून त्याच्या हाताशी ठेवला. मग लोक बोलायला लागले. मी कोणाचंच बोलणं खोडलं नाही."

त्यांनी खिशात हात घातला आणि काढून घेतला. "तेवढ्या वेळात मी त्याची छाती दाबायला हवी होती."

गाडी तिथेच टाकून ती घरी गेली. राग आला होता, पण काकांना वाटला असेल त्या कारणानं नव्हे. इतके महिने तिनं त्या छत्तीस सेकंदांत भावाला ठेवलं होतं. आता तिथे एक म्हातारा माणूस उभा होता, हातात रिमोट घेऊन. त्या आठवड्यात तिनं दोन कवळ्या बिघडवल्या. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. घरात भावाच्या खोलीसमोरून जाताना पहिल्यांदाच तिला ती खोली निव्वळ रिकामी वाटली, आणि याचीच तिला जास्त भीती वाटली.

पुढच्या मंगळवारी ती काही न घेता ट्रॅकवर गेली. काका आधीच मचाणाच्या पायरीवर बसले होते. शेजारी दुरुस्त केलेलं रेडकू.

"डॉक्टर मला म्हणाले होते," ती उभ्यानंच म्हणाली, "तो खाली पडायच्या आधीच गेला होता. शेजारी दवाखाना असता तरी उपयोग नव्हता. हे तुम्हाला कोणी सांगितलं नसेल."

काकांनी मान खाली घातली. त्यांचे खांदे हलत होते. ती दुसरीकडे बघत राहिली.

थोड्या वेळानं ते म्हणाले, "एक राहिलंय. सांगावं की नको, कळत नाही."

"सांगा आता."

"त्या तीन उंचवट्यांवरून मी आयुष्यात कधी एका झेपेत गेलेलो नाही. त्याआधी नाही, त्यानंतर तर गाडीच चालवली नाही. माझी गाडी कायम दुसऱ्यावर आपटते. आणि शेवटच्या वळणाला मी ब्रेक दाबणार होतो. तिथे सगळेच दाबतात. तो एकटा दाबायचा नाही. माझं बोट ब्रेकवर होतं, ताई. ते दाबलंच गेलं नाही. कोणीतरी खालून धरून ठेवल्यासारखं."

वारा पडला होता. 

"चालवून दाखवा," ती म्हणाली.

ते नको नको म्हणत वर चढले.  पहिल्या खेपेला गाडी दुसऱ्या उंचवट्यावर आपटली, दुसऱ्या खेपेलाही. सहा वेळा प्रयत्न केला, सहाही वेळा तेच. शेवटच्या वळणाला दर वेळी ब्रेक लागला आणि मागची चाकं धूळ उडवत घसरली. सातव्यांदा त्यांनी रिमोट तिच्या हातात दिला आणि कठड्याला टेकून उभे राहिले, दमलेले.

"बघितलंत?" ते म्हणाले.

तिनं बघितलं होतं. तिला सुटल्यासारखं वाटलं की आणखी अडकल्यासारखं, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. रिमोट बंद करायचं मात्र तिच्या मनात आलं नाही. तिनं गाडी हळूहळू फिरवून मचाणाखाली आणली.

काका म्हणाले, "रविवारी नाव देऊ तुमचं? गाडी टिकेल. आता तिला नीट चालवलंत तर."

तिनं नाव दिलं. रविवारी मचाणावर दहा जण होते. खाली उलटलेल्या गाड्या सरळ करायला चार माणसं ठेवलेली, त्यांना सगळे गमतीनं उचले म्हणत. उचल्यांना तिनं भरपूर काम दिलं. एक तर म्हणाला, ताई, तुमच्या गाडीला हँडलच बसवा. ती हसली. तीन उंचवट्यांवरून ती एकेक करत, सावकाश, बैलगाडीसारखी जात होती. दहापैकी नववी चालली होती, आणि दहाव्याची बॅटरी संपली होती.

शेवटच्या दोन फेऱ्या उरल्या तेव्हा रेडकू मोकळ्या पट्ट्यात वेग धरून उंचवट्यांकडे निघालं. डोळ्याच्या कोपऱ्यातून तिला शेजारी उभे असलेले काका दिसले. ते तिच्या गाडीकडे बघत नव्हते. त्यांची नजर ट्रॅकच्या रिकाम्या भागात, शेवटच्या वळणावर होती, आणि दोन्ही हात पोटाशी धरलेले, रिमोट धरावा तसे. हातात काहीच नव्हतं. बोटं बारीक बारीक हलत होती. वळण आलं असावं, कारण त्यांचं ब्रेकचं बोट ताठ झालं, आणि तसंच, न दाबता, उचललेलं राहिलं.

त्यांना हाक मारावी असं तिला वाटलं. पण समोर तिसरा उंचवटा आला होता, आणि तिनं नजर गाडीवरून हलू दिली नाही.