एकशे बाराव्या पानाचा माथा

मोतीकाकांचे अक्षर हे त्या वस्तुसंग्रहालयाचे भूषणच होते. चाळीस वर्षांपूर्वी, ओल खाल्लेल्या मूळ नोंदवह्यांवरून त्यांनी नव्या वह्या उतरवून काढल्या. त्या इतक्या निर्दोष मानल्या गेल्या, की जुन्या वह्या पत्र्याच्या पेटीत गेल्या आणि कोणत्याही वस्तूचे कूळ विचारले, की काकांच्याच वहीचे पान उघडले जाऊ लागले. आता काका निवृत्त होते. नोंदी संगणकावर चढविण्याचे काम त्यांच्या सुनेकडे आले होते. जुनी वळणे तिच्या यंत्राला उमगत नसल्याने सासऱ्यांना अधूनमधून बोलावणे येई, आणि काका धुतलेला सदरा घालून, देवळात जावे तसे तेथे जात.

"बाबा, यंत्र म्हणतंय, तुमच्या वहीत आणि जुन्या वहीत एकतीस ठिकाणी फरक आहे."

"यंत्राला चष्मा लागला असेल. नेऊन दाखव डॉक्टरला."

"नेलं होतं की! कालच नवा डोळा बसवलाय. पुसलेली शाईसुद्धा दिसते त्याला. तुम्ही चेष्टा सोडा आणि इकडे बसा आधी."

सुनेच्या घाईला कारण होते. परक्या सत्तेच्या काळात डोंगरापलीकडच्या एका गावातून आलेल्या एकतीस वस्तू परत मिळाव्यात, असा त्या गावाचा दुसरा अर्ज संचालकांपुढे होता. पहिला अकरा वर्षांपूर्वी फेटाळला गेला होता. कारण काकांच्या वहीत, एकशे बाराव्या पानाच्या माथ्यावर, वस्तू कशी मिळाली त्या रकान्यात स्वच्छ लिहिलेले होते : 'भेट'. त्याखाली तीस ओळी नुसत्या दोन-दोन बारीक रेघा, म्हणजे वरीलप्रमाणे. या खेपेचे नकाराचे पत्रही छापून तयार होते. चार वाजता त्यावर सही व्हायची होती, आणि ते घ्यायला त्या गावाहून आलेली बाई खाली बाकावर बसली होती.

सुनेने जुन्या वहीचे तेच पान पडद्यावर मोठे केले. कित्येक वर्षे केवळ तपकिरी डाग होता, तेथे आता निळसर अक्षरे उमटली होती. काकांनी मोठ्याने वाचायला आरंभ केला.

'गाव जाळल्यावर घरांतून उचलून आणले.'

शेजारी वस्तूचे नाव होते : 'पाळणा एक, दोरीसह.' आणि त्याच डागाखाली दडलेल्या शेऱ्याच्या रकान्यात : 'रिकामा करून.'

काकांनी टेबलाची कड धरली.

"बाबा, पाणी देऊ? अहो, तुम्हाला दिसलंच नव्हतं ते. डाग होता तिथे."

"डाग दिसला होता ना, सूनबाई!" काका खोल गेलेल्या आवाजात म्हणाले. "डागाखाली नुसत्या रेघा होत्या. आमचा नियम असा, की पानाच्या माथ्यावर रेघा चालत नाहीत, पूर्ण शब्द लिहायचा. शब्द तर डागात गेलेला. जागा कोरी सोडायला हवी होती. पण माझ्या वहीत कोरा रकाना? लोक काय म्हणतील! मागच्या पानाची शेवटची ओळ पाहिली. तिथे भेट होतं. तेच आणून बसवलं."

सुनेने पडद्यावर खालच्या ओळी सरकवल्या.

"पाळणा, जातं, पोराचे वाळे... सगळं या हातानं उतरवलं गं. कोण पाळणा भेट देतं? एवढंसुद्धा मनात आलं नाही माझ्या. अक्षर कसं आलंय, तेवढंच पाहत बसलो."

पत्र हातात घेऊन संचालक आत आले. त्यांनी उभ्याउभ्याच पडदा वाचला आणि दार लोटून घेतले. उमेदवारीच्या काळात ते काकांच्याच हाताखाली शिकले होते.

"काका, आजचं पत्र जाऊ दे," ते हलकेच म्हणाले. "मग समिती नेमू, रीतसर दुरुस्ती करू. या वयात तुमचं नाव मातीत जायला नको."

"माझ्याजवळ शिकलास ना तू?"

"हो."

"मग सही करू नकोस. एवढं ऐक माझं."

संचालकांनी हातातले पत्र दुमडून खिशात घातले. "आणि खाली तिला काय सांगू?"

"तू नको. मी सांगतो."

सुनेच्या खांद्यावर हात ठेवून काका जिना उतरले. बाई उठून उभी राहिली. तिने त्यांना तत्काळ ओळखले.

"तुम्हीच ना ते? पहिल्या अर्जाच्या वेळी माझ्या आईला म्हणाला होतात, बाई, कागद खोटं बोलत नाही."

"मीच तो. आई कुठं आहे?"

"गेली. तुमचं ते बोलणं शेवटपर्यंत तिच्या जिवाला लागून होतं."

काकांनी मान खाली घातली आणि आपली चूक, डागापासून शब्दापर्यंत, काही न वगळता सांगितली. नकाराचे पत्र रद्द झाल्याचेही सांगितले.

"भेट नव्हती, हे आम्हाला ठाऊकच होतं, आजोबा," ती म्हणाली. "तुम्हाला आज कळलं, एवढंच. आणखी काय लिहिलंय तिथे?"

सुनेने काकांचा दंड किंचित दाबला. काका थांबले, पण पुन्हा एक गोष्ट झाकून ठेवण्याचे बळ त्यांच्यात उरले नव्हते. त्यांनी पाळण्यापुढचा तो शेरा आहे तसा म्हणून दाखवला.

बाई हळूहळू बाकावर बसली.

"माझ्या आजीचा धाकटा भाऊ होता त्यात," ती म्हणाली. "पाळण्यासकट नेलं त्याला, असं आजी सांगायची. कुठंतरी वाढला असेल, त्याची पोरंबाळं असतील म्हणायची. आम्ही अजून दर वर्षी त्याच्या नावानं ताट वाढतो. जिवंत माणसाचं ताट."

सून तोंडावर हात धरून भिंतीला टेकली.

"कुठे रिकामा केला," बाईने विचारले, "ते लिहिलंय का?"

"नाही, पोरी," मोतीकाका म्हणाले. "ते कुणीच लिहिलेलं नाही."