तांबूची धार

यंदा थंडीने कहरच केला. नाताळच्या सुट्टीला सृष्टी, आमची लेक, नगरहून घरी आलेली. उठल्या उठल्या ती अंथरुणातूनच मोबाईल बघायची, आज सात, आज सहा असा आकडा सांगायची आणि परत गोधडीत तोंड खुपसायची. मला आकडे कशाला पाहिजेत? खोबरेल तेलाची बाटली चुलीपुढे ठेवल्याशिवाय थेंब बाहेर येत नव्हता. सकाळी सगळे बंबाला चिकटून उभे आणि आंघोळीला आधी कोण जाणार यावरून रोज वाद. मी शेवटी बाप-लेकीला दोघांनाही दम दिला की पाणी तापलंय, जो जाईल त्याचं, नाहीतर मी चालले.

तरी खरं सांगते, मला हे दिवस आवडतात. बाजरीची भाकरी तव्यावरून उतरते न उतरते तोच सृष्टी ती पळवते, वर लोण्याचा गोळा, आणि जेवण चुलीपुढेच. फक्त एक गोष्ट मला दर वर्षी सलायची. सुट्टी लागली की आमच्या कोल्हारातली माणसं कुठे ना कुठे जाऊन येतात. मी आणि सृष्टीही जातो. आमचे हे येत नाहीत. गावात सगळे अंगदराव अंगदराव करतात, पण आमच्या सहलीच्या एका फोटोत अंगदराव दिसतील तर शपथ. कारण काय, तर तांबू.

तांबू आमची गाय. ती ह्यांच्याशिवाय कुणाला धार काढू देत नाही. दुसरं कुणी बादली घेऊन बसलं की एक तर लाथ, नाहीतर पान्हाच चोरते, म्हणजे सडात दूध असून सोडत नाही. तिची आई तशीच होती, आजी तशीच होती. ह्यांनी ते सगळं घराणंच लाडावून ठेवलंय. सकाळची धार काढून निघायचं म्हटलं तर संध्याकाळच्या धारेला घरी पाहिजे, मग माणूस जाणार तरी कुठे? फार फार तर जवळच्या लोणी गावच्या बाजाराला.

यंदा मी हट्टालाच पेटले. भंडारदरा बघायचा आणि ह्यांना घेऊनच बघायचा. त्या धरणाचं पाणी पाटाने आमच्या रानात येतं. पाट सुटला की हा माणूस सणासारखा खूश असतो, पण पाणी येतं कुठून ते काही डोळ्यांनी पाहिलेलं नाही. मी विषय काढला. ह्यांनी भाकरीचा तुकडा मोडत ठरलेलं उत्तर दिलं, संध्याकाळची धार कोण काढील? माझं डोकंच फिरलं. तवा असा आपटला की सृष्टी ताट घेऊन बाहेरच्या खोलीत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी शाल ओली होती, म्हणून खुंटीवरचा ह्यांचा जुना कोट अंगात घातला आणि तांबूपुढे पेंड ठेवायला गोठ्यात गेले. कोट कसला, नुसता शेणाचा आणि तंबाखूचा वास. एरवी मला बघून शिंग उगारणारी बया त्या दिवशी माझी बाही चाटायला लागली. मी म्हटलं, असं होय! बादली घेतली, बसले, आणि काय सांगू, पान्हा सोडला की तिने. हे बंबाजवळून हात शेकून आले तेव्हा मी भरलेली बादली त्यांच्यापुढे धरली. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. आज भूक जास्त असंल तिला, असं काहीतरी पुटपुटले.

मी कसली ऐकते! त्याच संध्याकाळी शेजारच्या रंगुबाईला बोलावलं. तिचा जन्म शेळ्या-गाईंत गेला. तिला कोट चढवला, गोठ्यात बसवलं. तांबूने तिलाही दूध काही कमी दिलं नाही. रंगुबाई म्हणाली, खुशाल जा, मी हाय. ह्यांच्याकडे आता कारणच उरलं नाही. तरी रात्री जेवताना म्हणालेच, कोट तिकडं दिल्यावर मी थंडीत काय घालू? सृष्टीने आणलेला नवा स्वेटर दोन वर्षं कपाटात पडून होता, तो मी ह्यांच्या मांडीवर ठेवला.

निघायच्या दिवशी सकाळची धार हट्टाने ह्यांनीच काढली; संध्याकाळची रंगुबाई काढणार आणि रात्रीपर्यंत आम्ही परत, असं ठरलं होतं. मग एसटीने संगमनेर, तिथून राजूर. मला आणि सृष्टीला बायका म्हणून अर्धं तिकीट आणि पूर्ण तिकीट एकट्या ह्यांना, त्यावरून आम्ही दोघींनी त्यांना वाटेतल्या अकोले गावापर्यंत चिडवलं. राजूरहून जीप. डोंगर जवळ आले तशी थंडी अजून बोचायला लागली, आणि हे खिडकीतून भाताची रिकामी खाचरं बघत प्रत्येकाला जमीन कशी म्हणून विचारत होते.

आणि मग धरण दिसलं. पाण्याला टेकून डोंगर, आणि पाणी म्हणजे नजर पोचत नाही इतकं. आम्ही काठावर बसून भाकरी, ठेचा आणि पिठलं खाल्लं. हे उठून पाण्याजवळ गेले, ओंजळीत पाणी घेतलं, डोळ्यांना लावलं. इतकी वर्षं ज्याच्यावर पोट भरलं त्याला भेटल्यासारखे दिसत होते. मला लई बरं वाटलं.

पण ऊन उतरलं तशी त्यांची चुळबूळ सुरू झाली. सारखं घड्याळ. शेवटची जीप रस्त्यावर उभी होती, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. तेवढ्यात रंगुबाईचा फोन आला. सृष्टीने स्पीकर लावला. रंगुबाईने सांगितलं, धार झाली, दूध रोजच्याएवढंच, गाय निवांत रवंथ करतीय.

मला वाटलं हे खूश होतील. ते पाण्याकडे बघत बसून राहिले. चेहरा उतरलेला.

"म्हंजे माझ्यावाचून तिचं काय अडत न्हाई," ते म्हणाले.

थट्टा जिभेवर आली होती, पण ती मी गिळली. ह्या माणसाने आख्खं आयुष्य त्या गोठ्याला बांधून घेतलं होतं, कुणाला तरी आपण लागतो म्हणून.

"तिचं न्हाई अडत," मी म्हटलं. "माझं अडतं. इतक्या वर्षांत प्रत्येक ठिकाणी अडलं. तुमी कधी विचारलं न्हाई."

सृष्टी मुद्दाम चार पावलं पुढे गेली. ड्रायव्हरने परत हॉर्न दिला, येणार का न्हाई म्हणून ओरडला. हे उठले, पँट झटकली. मी पिशवी उचलली, म्हटलं झाली सहल.

हे जीपपाशी गेले आणि इथं रातच्याला राहायची सोय कुठं होईल ते ड्रायव्हरला विचारलं. त्याने शेंडी गावाकडे बोट केलं. मग ह्यांनी त्याला जा म्हणून हात हलवला आणि सृष्टीकडून फोन मागून घेतला.

"रंगुबाई," ते म्हणाले, "सकाळची धार बी तूच काढ."