संगणकाचा निळा कोट

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि माझ्या अंगावर माझ्याच मापाचा निळा कोट आहे. त्याला कडेने पांढरी पायपिंगसुद्धा आहे. हसायचे तर हसा. पण याच कोटापायी मी एकदा भंगारात जायला निघालो होतो. ती हकिगत तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म एका कारखान्यातला. तरुणपणी मी एका दवाखान्याच्या खिडकीशी नोकरी केली. दिवसभर रुग्णांची नावे लिहून घ्यायची आणि नंबराच्या चिठ्ठ्या छापायच्या. तेव्हा माझ्या चपळपणाचे फार कौतुक होई. आठ वर्षांनी तिथे नवे संगणक आले आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. लोक माझ्यावर ओल्या छत्र्या ठेवू लागले. त्याचे दुःख मला अजून आहे. तिथून मला उचलून आणले ते मावशीच्या भाचीने.

मावशी कपडे शिवते. तिचे दुकान घराच्याच पुढच्या खोलीत आहे. दोन शिलाई मशीन, एक लांब टेबल आणि टेबलाखाली चिंध्यांचे पोते. भाची संगणक शिकवते. तिने माझ्यात लिनक्स नावाची, जुन्या यंत्रालाही झेपणारी प्रणाली घातली आणि मावशीने फाटक्या वहीतली गिऱ्हाइकांची मापे माझ्यात उतरवली. एका बोटाने, चार महिने! कोणाचा डावा खांदा उतरता आहे, कोण पोट आत ओढून माप देतो, हे सगळे मला ठाऊक आहे. मी मात्र कोणाला सांगत नाही.

मावशी माझ्यावर इतकी खूश झाली की तिने मला कोट शिवला. दुकानात धागे उडतात, धूळ बसते, म्हणून. सुरू करायच्या बटणासाठी तिने समोर एक सुबक काज केले. बाकी चारही बाजूंनी पक्की शिलाई. तो कोट अंगात घालूनच मी कामाला बसू लागलो.

वर्षभरात मी मंद झालो. सकाळी बरा असे, पण तासाभराने एक नाव शोधायचे म्हटले तरी गिऱ्हाईक टेबलाशी ताटकळत उभे राही. माझा पंखा घरघरू लागला. "वय झालं बिचाऱ्याचं," असे म्हणून मावशी माझा कोट आणखी नीट खाली ओढून देई.

"मावशी, आता नवीनच घेऊया. हा भंगारात देऊ," भाची म्हणाली.

मावशीने मशीन थांबवले. "नवीन आणशील गं, पण माझं हे एक बोट ह्याच्यावर बसलंय. परत पहिल्यापासून शिकायला लावू नकोस मला."

"बरं, रविवारी एकदा बघते. नाही जमलं तर सोमवारी देऊन टाकायचा. कबूल?"

मावशीने पुन्हा मशीन सुरू केले. मला धडकी भरली.

रविवारी भाचीने कोट काढून खुर्चीवर टाकला. मी सुरू होताना विनाकारण जागे होणारे प्रोग्रॅम तिने बंद केले. जे कधीच लागत नव्हते ते काढूनच टाकले. पडद्यावरचा नटवा डेस्कटॉप जाऊन साधा, हलका डेस्कटॉप आला. दुपारी मी असा धावू लागलो की भाचीने स्वतःचीच पाठ थोपटून घेतली. मावशीने लाडाने मला पुन्हा कोट चढवला.

तासाभरात मी पुन्हा अडखळू लागलो.

भाचीचे तोंड एवढेसे झाले. "सगळं करून बघितलं गं. आता उद्या..." मावशी उठली, निरोप द्यावा तसा तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला.

"अगं, ह्याला ताप आलाय!"

भाचीने कोट ओढून काढला आणि माझे झाकण उघडले. पंख्यात रंगीत धाग्यांचा गच्च बोळा बसला होता. "मावशी, ह्याला कोट घालून कामाला बसवतेस? माझ्याही ध्यानात आलं नाही! गरम हवा जाणार कुठून? तापला की जळू नये म्हणून हा आपणच हळू चालतो."

मावशी ओशाळली. "मला वाटलं, धूळ लागू नये."

"धागे खालून शिरलेच, आणि गरम हवा आतच कोंडली."

भाचीने ब्रशने सगळे साफ केले. घरघर थांबली, आणि त्या दिवशी दुकान बंद होईपर्यंत मी एकदाही अडखळलो नाही. मला मोकळे वाटले, खरेच सांगतो.

आता काम करताना मी उघडाच असतो. मला बंद केल्यावरच अंगावर कोट चढतो. तरी मावशीने त्याची पाठ उसवून तिथे जाळी लावली. "गिऱ्हाइकाला काखेत आवळलं तर मी उसवून देते की. मग ह्याला का नाही? मी विसराळू बाई, चुकून चालू असतानाच घातला तर?" असे ती म्हणाली.

मित्रांनो, तुमच्या घरचा संगणक मंदावला तर त्याला लगेच म्हातारा म्हणू नका. आधी त्याच्या पाठीवर हात ठेवून बघा. माया सगळेच करतात, पण ज्याच्यावर करायची त्याला काय हवे, तेही बघायला हवे.

सोमवारी भंगारवाला दारावरून ओरडत गेला, तेव्हा मावशी टेप घेऊन माझी मापे घेत होती. मग तिने गिऱ्हाइकांच्या यादीत, त्याच एका बोटाने, एक नवे नाव घातले: "संगणक. उंची सोळा, रुंदी साडेसात. पाठ मोकळी ठेवणे."