किमचीच्या फ्रीजमधला विषाणू

मित्रांनो, मी एक जुना विषाणू आहे. मला डोके नाही, तरी आज ते फिरलेले आहे. आधी माझे नावच बघा. ओळख ना पाळख, तुम्ही नावातच विष कालवून मोकळे! अहो, मी आजवर कुणाला साधी शिंकसुद्धा आणलेली नाही. मी माणसात राहतच नाही, मी बुरशीत राहतो.

माझा जन्म कधी झाला, कोण जाणे. बुरशीच्या एका धाग्यातून दुसऱ्या धाग्यात सरकत माझे पूर्वज जगले, तसाच मीही जगलो. फिरत फिरत कोरियातल्या जांगहुंगला दोकचिल आणि त्याची बायको ओकबुन यांच्या शेडमध्ये आलो. तिथे ते भुशाच्या पिशव्यांत प्योगो अळंबी पिकवतात. आदल्या वर्षी हिरव्या बुरशीने त्यांचे सगळे पीक खाल्ले होते. यंदाही तेच झाले, तर शेडला कुलूप लावायचे आणि ग्वांगजू शहरात दोकचिलच्या थोरल्या बहिणीच्या खाणावळीत भांडी घासायला जायचे, असे ठरले होते.

मी शिरलो, की त्या बुरशीचा माज उतरतो. ती हिरवी होत नाही, पांढरीफटक पडून राहते. अळंबीचे धागे गिळायची ताकद तिच्यात उरत नाही. भिंतीकडच्या रांगेत मी हेच केले. शेजारी अळंबी टरारून वर आली.

हे ओकबुनच्या लक्षात आले.

"अहो, ही बुरशी आजारी दिसतेय."

"मग औषध दे तिला. बुरशीची सेवा करायचीच राहिली होती!" दोकचिल म्हणाला.

ओकबुनने अळंबी संशोधन केंद्रातल्या बाईंना फोन केला. "बुरशीलाही व्हायरस होतो, आणि कधी कधी तो आपल्या फायद्याचा असतो. त्या पिशव्या जपून ठेवा, सण झाला की मी येते," असे बाई म्हणाल्या. जन्मात माझे कौतुक झाले ते एवढेच.

पण दोकचिलने त्यातला एकच शब्द ऐकला.

"व्हायरस? माझ्या शेडमध्ये? आणि तू फोनवर गप्पा मारतेस?"

"अहो, पूर्ण ऐका तरी!"

कसले ऐकतो! त्याने ती सगळी रांग उचलून वाफेच्या पिंपात घातली. माझी भावंडे उकडून मेली. भिंती औषधाने धुऊन तो छाती फुगवून बाहेर आला. शत्रू कोण आणि पाहुणा कोण, हे न बघता झाडू मारणाऱ्याला तुम्ही टापटीप म्हणता! ओकबुनने कशीबशी एक पिशवी वाचवली आणि कागदात गुंडाळून किमचीच्या, म्हणजे मुरवलेल्या कोबीच्या, फ्रीजमध्ये दडवली. थंडीत मी गुमान पडून राहिलो.

छुसकच्या, म्हणजे सुगीच्या, सणाला दोकचिलची थोरली बहीण, यनसिम, आली. आल्या आल्या तिने फ्रीज उघडला आणि ती पिशवी बाहेर काढली.

"ओकबुन! किमचीशेजारी हे काय मुरत घातलंयस?"

"वन्सं, ठेवा ते. व्हायरस आहे."

"व्हायरस? अगं बाई, मला मारायला निघालीस की काय! दोकचिल, तुझी बायको बघ!"

दोकचिल शेडमधून आला. त्याच्या बाहीवर हिरवी पूड होती. धुतलेल्या शेडमध्ये धडधाकट हिरवी बुरशी शिरली होती आणि तिला आवरणारे आता कुणी नव्हते. एकही पिशवी तिने सोडली नव्हती.

"ताई, खाली ठेव ती," तो म्हणाला. "सगळं गेलं. तेवढीच एक राहिलीय."

यनसिमने पिशवी ओट्यावर ठेवली. दोकचिलने ती स्वतःच्या हाताने परत फ्रीजमध्ये ठेवली, पण बायकोची माफी मागितली नाही. माझी तर कोण मागणार? त्या दिवशी मला इतका संताप आला, की हात असते तर मीच झाकण आपटले असते.

सण उरकला. केंद्रातल्या बाई मला डबीत घालून घेऊन गेल्या. आता इथल्या काचेच्या बशीत मी पुन्हा धाग्याधाग्यातून सरकतो आहे. एक दिवस कुणाच्या तरी शेडमध्ये जाईनही. पण जांगहुंगच्या त्या शेडला कुलूप लागले आहे.

मित्रांनो, स्वच्छता करा, जरूर करा. पण नाव ऐकून कुणाला उकळत्या पिंपात घालू नका, आधी त्याचे काम बघा. जिने माझे काम बघितले होते, ती ओकबुन आज ग्वांगजूला दुसऱ्यांची उष्टी भांडी घासते आहे.