ताईच्या आधी बोलायचं नाही

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. संगणकाच्या पोटात बसून लक्षात ठेवणं हा माझा धंदा. तुमच्या आजच्या नखाएवढ्या कार्डांपुढे मी म्हणजे अर्धी वीटच, पण नाकं मुरडण्याआधी माझी हकिकत ऐका.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्या पाठीवर चाळीस पिनांची जागा होती. त्यातली एक मुद्दाम रिकामी, कोणी केबल उलटी खुपसू नये म्हणून. शेजारी आणखी थोड्या पिना होत्या आणि त्यांतल्या दोनांवर तांदळाच्या दाण्याएवढी काळी टोपी. ही टोपी लक्षात ठेवा.

मला एका डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात नेमलं. बाई तान्ह्या बाळांची हृदयं तपासत. त्यांच्या संगणकात एक डिस्क आधीच नांदत होती. एकाच चपट्या केबलवर आम्ही दोघी, म्हणून बसवणाऱ्याने माझी टोपी अशी लावली की ती डिस्क थोरली, माझी ताई, आणि मी धाकटी. संगणक सुरू झाला की आधी ताई ‘हजर’ म्हणायची, मग मी. तिच्या आधी तोंड उघडायचं नाही, हा आमचा नियम.

सगळा कारभार ताईकडे होता. माझ्याकडे बाळांच्या हृदयांची हलती चित्रं. एखादं इतकं भरभर धडधडायचं की घाबरलेल्या आईला बाई म्हणायच्या, “बघा, कसा पळतोय लबाड!” आणि संध्याकाळी संगणकावर हात ठेवून आम्हाला सांगायच्या, “सांभाळा गं दोघींनी.” तेवढं कौतुक आम्हाला पुरे होतं.

पुढे बाई थकल्या आणि दवाखाना बंद झाला. संगणक भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढण्याआधी त्यांनी आठवणीने मला बाहेर काढलं, कारण चित्रं माझ्यात होती. ताई गाडीवरून गेली. मला फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं. बाईंनी मला टॉवेलात गुंडाळलं, वर चिठ्ठी लावली, ‘बाळांची हृदयं. टाकू नये,’ आणि कपाटात ठेवलं. टोपी होती तिथेच राहिली.

कपाटात किती वर्षं गेली, मी मोजली नाहीत. एके दिवशी एक बसचालक बाईंकडे आला. त्याची मुलगी चौदा दिवसांची असताना बाईंनी तिला तपासलं होतं. तेव्हा तिच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली होती आणि आता बाविसाव्या वर्षी दुसरी करायची होती. घरातले जुने कागद पाण्यात भिजून लगदा झाले होते. सर्जन म्हणाले होते, पहिल्या शस्त्रक्रियेच्या आधीची चित्रं मिळाली तर आत कुठे हात घालायचा हे नेमकं ठरवता येईल, नाहीतर अंदाजाने जावं लागेल. शस्त्रक्रिया शुक्रवारी होती. बाईंनी मला त्याच्या हवाली केलं.

तो मला घेऊन दुरुस्तीच्या दुकानात आला. दुकान एका तरुण बाईचं. तिने मला उलटंसुलटं केलं आणि म्हणाली, “काका, आताच्या संगणकाला हिची पिनच बसत नाही. अडॅप्टर लावून बघते.” एका अडॅप्टरने माझ्या चाळीस पिना पकडल्या, दुसऱ्याने मला वीज दिली. माझ्या तबकड्या घरघरत फिरू लागल्या. किती वर्षांनी!

पण पडद्यावर काहीच आलं नाही. तिने केबल बदलली, अडॅप्टर बदलला, पुन्हा तिसरा लावला. शेवटी ती हळूच म्हणाली, “काका, गेली हो ही.”

“गेली म्हणजे?” बसचालकाने विचारलं आणि तो स्टुलावर बसला. “पोरीला काय सांगू मी?”

मी गेले नव्हते, मित्रांनो. अडॅप्टर मला ‘कोण आहेस’ म्हणून विचारत होता, ते मला ऐकू येत होतं. मी ताईच्या बोलण्याची वाट पाहत होते.

कोपऱ्यात दुकानदारीणबाईचे वडील स्क्रू निवडत बसले होते. हे दुकान एकेकाळी त्यांचं. ते उठले आणि त्यांनी माझ्या अंगावर बोट टेकवलं.

“फिरतेय की ही! टोपी बघितलीस का?”

“कसली टोपी, बाबा?”

“ही मागची. ही कोणाची तरी धाकटी होती गं. एकटी पडलीय, हे तिला कोणी सांगितलंच नाही.”

वीज बंद करून त्यांनी चिमट्याने टोपी उचलली आणि थोरलीच्या जागी बसवली.

पुन्हा वीज आली, पुन्हा विचारणा झाली. ताई, माफ कर, असं मनात म्हटलं आणि जन्मात पहिल्यांदा मी आधी बोलले.

पडद्यावर चौदा दिवसांचं हृदय धडधडू लागलं. बसचालक रडत रडत हसला. “हीच माझी! तेव्हाही हिला अशीच घाई.”

“बाबा, तुम्ही आधी का नाही बोललात?” दुकानदारीणबाईने विचारलं.

“तू विचारलंस कुठे?” म्हणत ते पुन्हा स्क्रूंकडे वळले. दुसऱ्या दिवशी त्यांचं स्टूल तिच्या टेबलाशी आलं.

माझ्यातलं सगळं तिने दोन नव्या डिस्कांवर उतरवून घेतलं. त्यानंतर माझ्या तबकड्या कायमच्या थांबल्या. तेव्हा मित्रांनो, एवढंच मागते: कोणी गप्प बसलं की लगेच ‘गेलं’ म्हणू नका. ते कोणाची वाट पाहतंय, ते आधी बघा.

दोन महिन्यांनी बसचालकाची ती मुलगी दुकानात आली, स्वतःच्या पायांनी चालत. तिने मला उचलून कानाशी धरलं. माझ्यात आता आवाज नाही. मग तिने मला छातीशी धरलं. तो ठोका मी लगेच ओळखला.